डावीकडे दोन इंच कमी

प्रिय घाईबाई,

तुझं पत्र मिळालं. मुलाकडची हवा मानवली, नातीला तुझ्याशिवाय झोप येत नाही, वाचून बरं वाटलं. कुंड्यांना पाणी घालतेस ना, असं तू दोनदा विचारलंयस. घालत होते गं. तू दिलेल्या किल्लीनं फाटक उघडून रोज सकाळी दोन बादल्या, गुडघ्यांची कुरकुर न ऐकता. त्याबद्दल पुढे सांगते.

गल्लीच्या बातम्या हव्यात ना? कारखाना बंद पडला तेव्हाच निम्मी घरं विकली गेली, उरलेल्यांत आम्ही म्हातारे. नवे लोक वाईट नाहीत, दिसले की हसतात, पण दारात गाड्या दोन आणि घरात माणसंही दोनच. सायकलवाल्याच्या दुकानात आता कॉफी मिळते आणि त्याचीच एक जुनी सायकल शोभेला भिंतीवर टांगलीय. शाळेत मुलं उरली नाहीत, त्यामुळे माझ्या मशीनपाशी गणवेशांचा ढीग पडत नाही. गेल्या महिन्यात मी चक्क कुत्र्याचा कोट शिवला. गिऱ्हाईक शहाणं निघालं, फिटिंगवरून एक अक्षर बोललं नाही! बाकी सगळे पडदे. या लोकांना पडद्यांचं भारी वेड.

तर अशीच एक मुलगी पडद्यांची मापं घेऊन आली. याच गल्लीत घर घेतलंय म्हणाली, कुठलं ते मी विचारलं नाही. सहा खिडक्या सरळ होत्या. सातवी, स्वयंपाकघराची, उजवीकडे अठ्ठेचाळीस आणि डावीकडे शेहेचाळीस. तिला वाटलं आपलंच मोजायला चुकलं, पुन्हा मोजून आणते म्हणाली. मी नको म्हटलं. अशी खिडकी अख्ख्या गल्लीत एकच आहे. तुझ्या नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतः ती भिंत बांधली, माझा नवरा दोरी धरायला होता आणि दोघंही गप्पांत रंगले होते. तीस वर्षं त्या खिडकीचा पडदा मीच शिवत आले, डावीकडे दोन इंच कमी. मला माप कशाला हवं?

खरेदीचे कागद कधी झाले ते तिनंच सहज सांगितलं. तू निघायच्या आठ दिवस आधी, ताबा तेवढा आता मिळाला. म्हणजे माझ्या हातात किल्ली ठेवून गळ्यात पडून रडलीस, तेव्हा घर तुझं उरलंच नव्हतं. तीन महिने मी परक्याच्या कुंड्यांना पाणी घातलं.

घर विकलंस याचा राग नाही. मुलाची अडचण असेल, तुला एकटीला घर खायला उठत असेल, मी समजून घेतलं असतं. पण एजंट पहिल्यांदा आला तेव्हा त्याला फाटकातूनच पिटाळलंस ती तूच ना? माझा हात धरून ठरवलंस, एकीला विकायचं झालं तर दुसरीला आधी सांगायचं, परक्याच्या तोंडून कळता कामा नये. त्या शब्दावर मी त्याला तीनदा वाटेला लावलं. लेक रागावली, जावई बोलेनासा झाला, तरी मी आपली चिकटून बसले. तू मला फसवलंस. खूप शोधला, पण दुसरा शब्द सापडत नाही.

पडदे शिवून दिले, सातवाही नीट बसला. किल्लीही त्या मुलीला दिली, तेव्हा कुंड्यांचं आता तिला विचार. रविवारी सकाळी एजंट माझ्याकडे येतोय आणि मी सही करणार आहे. लेकीला अजून बोललेले नाही, एजंटलाही नुसतं येऊन जा एवढंच म्हटलंय. एकीनं दुसरीला आधी सांगायचं, असं आपलं ठरलं होतं. म्हणून हे पत्र.

तुझीच,
जिला तू मापाची पक्की म्हणायचीस, ती