एक घर, एक कार्ड

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवून झाली! शिलाईच्या दुकानातला माझा पहिला मोठा पराक्रम. कार्डं ठेवायचे ते बुटांचे खोके रिकामे. मालकीणबाईंनी ते फेकू दिले नाहीत, कार्डं भरून परत माळ्यावर ठेवायला लावले. म्हणे, "वीज गेली तर तुझा कॉम्प्युटर काय मापं सांगणार?" असू दे.

दुकानाची पद्धत जुनी — एक घर, एक कार्ड. नवऱ्याची पँट, बायकोचा ड्रेस, मुलांचे गणवेश, सगळ्यांची मापं एकाच पुठ्ठ्यावर. वर पत्ता आणि फोन नंबर. मी तसंच ठेवलं, फक्त पुठ्ठा जाऊन तक्ता आला. कोडची एक ओळ लिहावी लागली नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे, एकातून दुसऱ्यात बाण ओढायचा. मास्तरांनी 'कपडे तयार' वर टिचकी मारली की गिऱ्हाइकाला निरोप आपोआप जातो. मास्तर म्हणजे आमचे कापणारे. ते या सगळ्याला 'भूत' म्हणतात. "पदवीताई, तुझं भूत रविवारी सुट्टी घेतं का?"

शेवटचा बाण आज ओढला. मध्यंतरी कुणीतरी फोनवरून भलताच पत्ता लिहवला आणि एका बाईंचा कोट दुसऱ्याच दारी गेला होता. म्हणून आता कार्डावर काहीही बदललं की त्या कार्डावरच्या सगळ्या नंबरांवर निरोप जाणार. कुणाच्या नकळत कुणाचं काही बदलता येऊ नये, एवढंच मनात होतं.

मालकीणबाई म्हणाल्या, "हे चांगलं केलंस." त्यांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भिंतीवर खडूने लिहिलेला पासवर्ड सकाळी पुसला. दुपारी परत लिहिलेला. या वेळी मोठ्या अक्षरांत, मास्तरांना चष्म्याशिवाय दिसावा म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. नव्या नोकरीसाठी दोन पांढरे कोट हवेत. कुठली नोकरी ते सांगितलं नाही, पण कापड दोनदा हाताळून पाहिलं — पहिल्या पगाराच्या आधीच जीव लावल्यासारखं.

मास्तर माप सांगत होते, मी लिहून घेत होते. "डावा खांदा अर्धा इंच खाली. डावी बाही पाऊण इंच कमी घे." मग सहज म्हणाले, "मागच्या वेळी असं नव्हतं हो."

"हात निखळला होता मध्ये," बाई म्हणाल्या. "नीट बसला नाही."

मास्तरांनी टेप गुंडाळला.

जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. नवा नंबर, नवा पत्ता दिला. "हा फक्त तुमच्यापुरता, बरं का."

मी म्हटलं, "अगदी निर्धास्त राहा." किती रुबाबात म्हटलं! महिनाभर कार्डं चढवता चढवता हेच तर शिकत होते — माहिती कुणाची, ती कशासाठी घेतली, कुणाला दिसणार. त्यांचं घराचं कार्ड उघडलं, नवा नंबर जोडला, पत्ता बदलला आणि जेवायला गेले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

दुपारी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. खुर्ची दिली तर म्हणाले, "नको, उभाच बरा." फोन पुढे केला. आमच्या दुकानाचा निरोप. 'आपल्या कार्डावरील पत्ता बदलला आहे.' खाली नव्या पत्त्याची पहिली ओळ, इमारत आणि गल्ली.

"इमारत सापडली," ते म्हणाले. "पण तिथे बिऱ्हाडं बरीच आहेत. खोली कितवी ते तेवढं सांगा. बायको आहे माझी. रुसून गेलीय."

काजं करणाऱ्या मावशी हसल्या. "रुसवा काढायला स्वतः आलेत. नशीबवान आहे हो."

एक घर, एक कार्ड. त्या कार्डावर पहिला नंबर यांचा होता. असणारच. मी तो काढलाच नव्हता.

"खोली नंबर आमच्याकडे नाही," मी म्हटलं.

"मग कपडे पोचवणार कसे?"

मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, असेल की. बघते मी." आणि कॉम्प्युटर स्वतःकडे फिरवायला लागल्या. टेबलाखालचं बटण माझ्या पायाशीच होतं. दाबलं. पडदा काळा.

"बघा!" बाई त्यांना म्हणाल्या. "मी म्हणतच होते. वीज गेली की बसा बोंबलत." पंखा डोक्यावर फिरत होता. त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या गृहस्थांनी मात्र वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हसले. "काही हरकत नाही. एकेक दार वाजवता येतं."

ते गेल्या गेल्या मागच्या खोलीत, अस्तराच्या ताग्यांमागे जाऊन त्या बाईंना फोन लावला.

"तुमचा पत्ता त्यांच्याकडे गेलाय. खोली नाही, पण इमारत. ते आत्ता इथून निघालेत."

"कुणी दिला?"

"आपोआप निरोप जातो. कार्ड बदललं की—"

"कुणी दिला?"

"मी."

फोन बंद झाला. नंतर लागला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालकीणबाईंनी बजावलं होतं, त्या इमारतीत जायचं नाही. सकाळी दुकानाआधी गेले.

लांब, अंधारा व्हरांडा. शेवटच्या दाराला कुलूप. खिडकीत धुतलेला मोजा, एकच. शेजारची बाई दाराच्या फटीतून बोलली. "काल आरडाओरडा झाला. कोण होतं, मी बघितलं नाही. आम्ही बाई दार लावून घेतो."

"त्या नवऱ्याबरोबर गेल्या का?"

"बघितलं नाही म्हटलं ना."

पोलीस चौकीत गेले. "तुम्ही तिच्या कोण?" त्यांनी विचारलं. ज्या दुकानात कोट शिवायला टाकलाय तिथली मी. लिहून घेतलं त्यांनी, अर्धी ओळ. हवालदार बरा होता. बरा असून काय उपयोग.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बदलाचा निरोप पाठवणारा बाण तोडला. माझा आवडता बाण.

आत्तापर्यंत कुणाकुणाला निरोप गेले ते उघडून पाहिलं. वसतिगृहात राहायला गेलेल्या एका मुलीचा नवा नंबर तिच्या थोरल्या भावाला गेलाय. एक आजोबा मुलाचं घर सोडून लेकीकडे गेले, ते मुलाला आमच्याकडून कळलं. काहींचं काहीच बिघडलं नसेल. पण बिघडलं की नाही हे मी कोण ठरवणार? चोर येईल म्हणून खिडकीला जाळी बसवली आणि दाराची किल्ली वाटून आले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मालकीणबाईंशी बोलले. म्हटलं, ज्यांची माहिती बाहेर गेली त्यांना सांगायला हवं. कायदाही तेच म्हणतो. मजकूर लिहून नेला होता. साधा, माफी मागणारा.

त्यांनी वाचला. चष्मा काढला. "दुकान बंद करायला निघालीयस?"

"लोकांना सावध तरी होता येईल."

"कायदा मोठ्या कंपन्यांना. आपल्याकडे तीन शिलाई मशीनं. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं शिकवलं नाही का कॉलेजात?"

"बाई, त्या बाईंचं काय झालं असेल?"

त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ. आपण कपडे शिवतो. लोकांचे संसार नाही."

संसार उसवायला मात्र आपण चालतो. हे मनात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही कोट तयार. मास्तरांनी खुंटीला लावलेत, अगदी माझ्यासमोर. डावी बाही आखूड आहे ते लांबूनही कळतं. मला तरी.

'कपडे तयार' वर टिचकी मारायला आले तर मी हात धरला; तो निरोपही त्यांच्या नवऱ्याला जाणार. म्हणाले, "भुताला घाबरतेस होय तूच?" मग माझं तोंड बघून गुपचूप कात्रीकडे वळले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आईने जेवताना विचारलं, "चेहरा का पडलाय? कुणी काही बोललं?"

नाही म्हटलं. सांगणार तरी कसं? ती गोष्ट माझी नाही, त्या बाईंची आहे. एकदा मी वाटून बसले, परत कुठे वाटू?

"आधी शाळेतनं आलीस की दारातनंच बडबड सुरू व्हायची," आई म्हणाली. "पदवी मिळाली आणि तोंडाला कुलूप लागलं."

बाबा दिवसभर बस चालवून आलेले. पाय गरम पाण्यात. म्हणाले, "पहिली नोकरी आहे, बयो. थोडं गिळायला शिक." काल थांब्यावर त्यांनी कुणाला तरी सांगितलं — आमची मुलगी आख्खं दुकान कॉम्प्युटरवर चालवते. ते मला सांगताना केवढे हसत होते.

मी पण हसले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाण परत जोडलाय. मी नाही, मालकीणबाईंनी. भाच्याकडून करून घेतला. 'पत्ता बदलल्याचा निरोप का येत नाही' म्हणून कुणी विचारलं म्हणे. पासवर्ड भिंतीवर होताच.

दुपारी तोडला. आणि त्या बाईंचं नाव, नंबर, पत्ता, मापं, सगळं त्या घराच्या कार्डावरून काढून टाकलं. मागे उरलेल्या प्रतीही शोधून शोधून पुसल्या. काय उपयोग? निरोप पोचला तो पोचला. सांडलेलं पाणी कुणी भरलंय?

मालकीणबाईंना सरळ सांगितलं, परत जोडलात तर मी जाते. म्हणाल्या, "जा की. बाण ओढणाऱ्या पोरी ढिगाने मिळतात."

खरंच मिळतात. म्हणून तर गेले नाही. माझ्या जागी येईल तिला कार्डाची गोष्ट कोण सांगणार?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

परत त्या व्हरांड्यात गेले. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय. त्यांना काही माहीत नाही. हवालदार म्हणाला, तक्रार कुणाचीच नाही, मग शोधणार कुणाला?

मोजा तसाच खिडकीत.

३ मार्च, सोमवार

मालकीणबाई म्हणाल्या, ते कोट उसवून कापड वापरात घ्या. मास्तर म्हणाले, "या आठवड्यात वेळ नाही." हातात काहीच नव्हतं त्यांच्या.

मी काय केलं असतं तर? तोच प्रश्न. एक घर, दोन कार्डं. इतकं साधं. ते सुचायला कुठली पदवी लागत नव्हती, आणि पदवी असून सुचलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज कुणीतरी एक चिठ्ठी घेऊन आलं. कोण, ते इथेही लिहीत नाही. "ओळखीतल्या एकीला पांढरा कोट हवाय. मापं हीच. नाव-पत्ता विचारू नका म्हणाली."

चिठ्ठीवर नुसते आकडे. डावा खांदा अर्धा इंच खाली. डावी बाही पाऊण इंच कमी.

खुंटीवरचे दोन्ही कोट उतरवले, घडी केली, कागदात बांधले.

"इतक्यात?" ते माणूस म्हणालं.

"तयारच होते."

मास्तरांनी विचारलं, "कार्ड करायचं का?"

"नाही," म्हटलं, आणि चिठ्ठी पुड्यातच घालून परत दिली.