भिंतीलगतची करंगळीएवढी जागा

मी, खाली सही करणारा, लाकडी फ्लोअरिंग बसवणारा कारागीर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फक्त मालमत्तेबद्दल लिहिले होते.

१. राहते घर मुलाला द्यावे. तो आणि सूनबाई मला सांभाळतात, माझी बडबडही सोसतात. मागच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, ती त्याने स्वतः दुरुस्त करावी. मिस्त्री बोलावू नये, मिस्त्री फसवतात. मीही मिस्त्रीच आहे, म्हणून सांगतो.

२. बँकेतील शिल्लक मुलगा व मुलगी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. भांडण्याइतकी ती नाही.

३. रबरी हातोडा, गुण्या, पटाश्या, पाचरींचा डबा ही सर्व हत्यारे मुलीला द्यावीत. लग्नाआधी ती माझ्याबरोबर कामावर येत असे आणि तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही. लहान करवत यात धरलेली नाही, कारण ती आधीच तिच्याकडे आहे.

४. ती करवत माझ्या सुतार मित्राने ढापली, असे मी इतकी वर्षे चारचौघांत म्हणत आलो. तो आरोप मागे घेतो. त्याने बनवलेले माझे कपाट आजही डुगडुगते, तो आरोप कायम आहे.

५. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मुलीचे लग्न झाले त्या वर्षी तिच्या सासरच्या दिवाणखान्यात मी लाकडी जमीन बसवून दिली. अशा जमिनीच्या फळ्या खाली चिकटवत नाहीत, खिळेही मारत नाहीत. एकमेकींत अडकवून नुसत्या पसरतात आणि चारही भिंतींलगत करंगळीएवढी जागा सोडतात. वरून पट्टी लावली की ती दिसत नाही. आपल्याकडची हवा अशी कोरडी की रुमाल पिळून झटकेपर्यंत वाळतो, म्हणून लोकांना वाटते, इथे लाकूड कशाला फुगेल? खरे तर उलट आहे. या हवेत फळी आधीच आक्रसलेली असते. घरात पाण्याचा कूलर सुरू झाला की ती ओल पिते, फुगते, आणि तिला सरकायला जागा लागते. हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावत आलो.

त्या दिवशी विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भिंतीशी फट का हो? फळ्या कमी पडल्या का?" त्यांनी सहजच विचारले असेल, पण मला झोंबले. मुलीच्या बापाने हात आखडता घेतला असे कोणी म्हणू नये, म्हणून मी फट राखायला भिंतीशी खोचलेल्या पाचरी काढून टाकल्या आणि कडेच्या फळ्या नव्याने कापून भिंतींना ठासून बसवल्या. मुलगी फळ्या हातात देत होती.

"बाबा, जागा?" एवढेच ती म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस," मी म्हणालो.

कूलरचे दिवस आले आणि जमीन मधोमध पालथ्या परातीसारखी वर आली. मला बोलावणे आले. सगळे घर माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "पोरगी पुसताना फडकं पिळतच नाही, दुसरं काय!"

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हो, चुकलं माझं."

तेव्हापासून त्या घरात नळ गळो की दूध उतू जावो, "हिचं सगळंच असं सैल" हे ठरलेले. मी समोर बसून चहा पीत ते ऐकले आहे. हसलोही आहे.

जमीन पुढे खाली बसली. वाळली असेल, असे मी धरून चाललो. गेल्या महिन्यात तिथली एक सुटलेली पट्टी लावायला गेलो. पट्टी ओढली तर मागे करंगळीएवढी जागा, मी न सोडलेली. सुरुवातीला वेडीवाकडी कापलेली, पुढे सरळ होत गेलेली. कोपऱ्यातल्या कपाटामागे माझी ती लहान करवत होती. घरात कोणी नसताना पोरीने एकेका भिंतीलगतच्या फळ्या कापल्या होत्या, पट्ट्या परत लावल्या होत्या, आणि कोणाला, अगदी मलासुद्धा, एक शब्द बोलली नव्हती. मी पट्टी लावली आणि चहा न घेता निघालो. मला तिच्याकडे बघवेना.

सबब लिहून देतो की, दोष फडक्याचा नव्हता, माझा होता. चुकीची लाज वाटतेच. तिने ती झाकली आणि मी झाकू दिली, याची त्याहून जास्त वाटते.

६. (हे कलम खोडले आहे. "माझ्यामागे हा कागद विहीणबाईंसमोर मोठ्याने वाचावा," असे त्यात होते. साक्षीदार म्हणून आलेल्या सुताराने ते वाचले आणि म्हणाला, "तू मेल्यावर पोरीचं नाव साफ होणार? आणि तोवर तिने काय, तुझ्या मरणाची वाट बघायची?" मला राग आला. मग राग ओसरला आणि लाज तेवढी उरली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी ठेवून आम्ही दोघे रिक्षाने निघालो.)

वरील सर्व मी स्वतः, मोठ्याने, सर्वांसमोर वाचून दाखवले आहे.

स्थळ: मुलीच्या सासरचा दिवाणखाना.
दिनांक: आजचा, मी जिवंत असतानाचा.
सही: मुलीचा बाप.

साक्षीदार पहिला: सुतार. (कपाटाबद्दलचा आरोप अमान्य.)

साक्षीदार दुसरी: विहीणबाई. सही करण्याआधी त्यांनी कागद पुन्हा स्वतः वाचला, चष्मा पुसला आणि आपल्या सुनेला विचारले, "इतकी वर्षं बोलली का नाहीस गं?"

ती म्हणाली, "बाबा सांगतील असं वाटलं होतं."