थोरलीच्या पश्चात आईची स्क्रीन

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, व्यवसाय इंटरफेस डिझायनर, हे पत्र शुद्धीवर राहून लिहिते आहे. कोणी भाग पाडलं म्हणून नव्हे. डॉक्टरांनी उपचार थांबवले आहेत. वेदनेची गोळी तेवढी चालू आहे. आज तीही घेतलेली नाही, पुढे कोणी म्हणू नये की गुंगीत लिहिलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

माझ्यामागे आई राहील. क्रम उलटा झाला, त्याला इलाज नाही. तिची नजर मधोमध विरत चालली आहे. खालची सगळी कलमं त्या एका काळजीतून आली आहेत, तशीच ती वाचावीत.

१. राहतं घर माझ्या स्वकष्टार्जित मालकीचं आहे. ते धाकट्या भावाला मिळावं. आई हयात असेपर्यंत तिचा तिथे राहण्याचा हक्क अबाधित. तिची खोली कोणालाही भाड्याने देऊ नये. 'तात्पुरती' म्हणूनसुद्धा नाही.

२. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्याला. उरली तर धाकट्याला. उरणार नाही.

३. ऑफिसातल्या डिझाइन सिस्टीमवर, म्हणजे सगळ्या स्क्रीनचे रंग-अक्षरं ठरवणाऱ्या नियमावलीवर, माझा कायदेशीर हक्क नाही, म्हणून ती कोणाला देता येत नाही. तरी नोंद असावी, कारण उमेदीची सगळी वर्षं तिच्यात गेली. तिथे रंगाला रंगाच्या नावाने हाक मारायची नाही, असा माझा दंडक होता. 'लाल' नाही, 'धोका'. 'निळा' नाही, 'पुढे जा'. अशा नावाला टोकन म्हणतात. स्क्रीन फक्त नाव ओळखते. त्यामागचं मूल्य एकाच जागी असतं आणि तिथे बदललं की सगळीकडे बदलतं. आमचा विभाग बंद करताना मोठ्या साहेबांनी विचारलं, "बटणाला रंग द्यायला एवढा गोतावळा कशाला पोसायचा?" ती सिस्टीम आता कोणी वापरत नाही. साहेबांना मी काही ठेवलेलं नाही. तो विसर नव्हे.

४. घरातला टॅब आणि माझा लॅपटॉप धाकट्याला. टॅबवर आईसाठी मी त्याच पद्धतीने स्क्रीन बांधल्या आहेत: गोळ्या, दारात कोण आलंय, फोन. सगळ्या अक्षरांचा आकार एका व्हेरिएबलला, म्हणजे एकाच बदलत्या आकड्याला, जोडलेला आहे. त्याचं नाव 'आईची नजर'. नजर आणखी उतरली की त्याचं मूल्य वाढवायचं, इतकंच.

इथे खुलासा हवा. मी हॉस्पिटलात असताना धाकट्याने संध्याकाळच्या गोळीची स्क्रीन उघडली आणि तिथलं अक्षर हाताने मोठं केलं. फोनवर म्हणाला, "ताई, झालं काम. तुझं ते व्हेरिएबल-बिरिएबल शोधत कोण बसणार?" दिसायला ठीकच होतं. पण हाताने आकडा घातला की त्या स्क्रीनची नाळ तुटते. घरी आल्यावर मी मूल्य वाढवलं तेव्हा बाकी सगळं वाढलं आणि ती एकच स्क्रीन होती तशी राहिली. आईला ती वाचता येईना. तिने अंदाजाने सकाळचीच गोळी पुन्हा घेतली आणि न्हाणीघरात कोसळली.

"मी मदतच करत होतो ना गं!" धाकटा रडवेला होऊन म्हणाला. ते खरंच होतं. आई पलंगावरून म्हणाली, "त्याला कशाला बोलतेस? मला चांगलं दिसतं. तुम्हीच हल्ली पुसट लिहिता."

तेव्हा धाकट्यास सूचना: कोणत्याही एका स्क्रीनला हात लावू नये. मूल्य एकाच जागी बदलावं. शिकवायला बसलं की तो "कळलं गं ताई, कळलं" म्हणतो, आणि हे त्याला न कळल्याचं लहानपणापासूनचं लक्षण आहे. ही सगळी रचना मी आईसाठी केली, की माझ्यावाचून कोणाचं तरी अडावं म्हणून? विचार करते तेव्हा दोन्ही उत्तरं खरी वाटतात.

५. घर देताना एक अट घालायची होती. अक्षर वाढवत गेलं की शेवटी स्क्रीनवर एकच शब्द मावेल, आणि मग तोही तिला दिसणार नाही. तेव्हापासून धाकट्याने रोज तिच्याजवळ बसून सगळं तोंडी सांगावं, अशी ती अट. वकीलबाईंनी चष्मा काढून विचारलं, "बसला की नाही, हे कोर्टात सिद्ध कोण करणार? आईंना उभं करायचं साक्षीला?" अट काढली आहे. घर बिनशर्त. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, तो दिवस लांब नाही. धाकटा बसेल असं मला वाटत नाही.

६. फोनच्या स्क्रीनवर एक मोठा पिवळा चौकोन आहे, 'थोरली'. आई त्यावरचं अक्षर वाचत नाही. पिवळं दिसलं की दाबते. मी पलीकडच्या खोलीत असले तरी दाबते. माझ्यानंतर तो चौकोन काढू नये. नाव, रंग, जागा, सगळं तसंच राहावं. मागचा नंबर तेवढा धाकट्याचा. हा बदल त्याच्यावर सोडणं धोक्याचं, म्हणून आज मीच करून ठेवला आहे. आई माझ्याच नावाने बोलेल. त्याने "मी धाकटा" म्हणून दुरुस्त करू नये. "हं आई, बोल" एवढंच म्हणावं.

हे लिहीत असतानाच तिने दाबला. माझा फोन शांत आहे. भिंतीपलीकडे धाकट्याच्या फोनची घंटी वाजून बंद झाली. तिने पुन्हा दाबला. मी उठलेली नाही.

आता त्याने उचलला. आई म्हणते आहे, "थोरले, जेवलीस का?"

त्याने काय उत्तर दिलं, ते मला इथे ऐकू आलं नाही.

सही: थोरली

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. लिहिणारी शुद्धीवर होती. आम्हा दोघांनाही या पत्रान्वये काही मिळायचं नाही.

साक्षीदार: १. वकीलबाईंचे कारकून
२. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले

स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: बारा फेब्रुवारी