पितळी गडवीतलं तूप

पाचपावली, नागपूर
२९ ऑगस्ट १९७४

चि. जागेश्वर यास अनुसयाबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इथे सगळं ठीक, फक्त घरात बसवत नाही. तुझा रुपराव पोलीस भरतीसाठी छाती वाढवायला माझ्याकडे राहिला, त्याला माझी ना नव्हती. भिजवलेले चणे, मोडाचे मूग, दूध-केळी सगळं देते. वाचनालयातल्या आरोग्याच्या पुस्तकातही हेच लिहिलं आहे. पण आखाड्याच्या नत्थूजी उस्तादाने त्याच्या डोक्यात भरवलं, की बकऱ्याचे पाय उकळून वर येणारी चरबी अश्वगंधेत आटवून खाल्ली की दंड भरतात. काल मी बाजारात गेले आणि याने माझ्याच चुलीवर तो पाया चढवला. आले तर पातेल्यात खुरं तरंगत होती. एकावर केस होते. मला अंगणात जाऊन उलटी झाली. गळ्यात माळ घातल्यापासून या घरात मटण शिजलेलं नाही. बोलले तर म्हणतो, "आत्या, तुले चण्यानं छाती फुगते वाटते काय वं?"

येऊन त्याला घेऊन जा.

तुझी बाई

कुही, ३ सप्टेंबर

ती. बाईस जागेश्वरचा सा. न.

पत्र वाचून आधी हसलो, मग लाज वाटली. पण धानाचं निंदण सुरू आहे आणि इथे आखाडा नाही. मागच्या भरतीत पोरगा फक्त छातीच्या मापात कमी पडून परत आला. यंदा वय संपतं. आता नाही झालं तर जन्मभर धानाच्या बांधीतल्या चिखलात. दसऱ्यापर्यंत सांभाळ. तुझ्या चुलीला हात लावणार नाही, अशी शपथ त्याला घातली आहे. रागावू नको, पण भाऊजी असते तर पहिली वाटी त्यांनीच पुढे केली असती.

माझ्यावरचा लोभ तेवढा आटवू नको.

जागेश्वर

नागपूर, १२ ऑक्टोबर

चि. जागेश्वर यास आशीर्वाद.

काल यांचं पित्तर होतं. दरवर्षी छपराच्या कवेलूवर पान ठेवते आणि हात जोडून उभी राहते. कावळा बसतो, मान वाकडी करतो, उडून जातो. शेवटी पान गायीला घालते. यांचं काय राहून गेलं, ते मला कधी कळलं नाही.

काल फडताळात पितळी गडवी दिसली, वर पांढरं गोठलेलं. माझंच तूप समजून गरम भातावर डावभर घातलं. पान वर ठेवून खाली उतरले तेव्हा बोटांना तो वास आला. रुपरावने आखाड्यातून आटवून आणलं होतं. चुलीची शपथ पाळली, फडताळाची नव्हतीच. पान काढायला परत शिडी चढले, पण तोवर कावळे आले होते. कवेलू काळे झाले. शीत राहिलं नाही, पानसुद्धा चोचींनी फाडलं.

मी शिडीवरच बसून राहिले. सतरा वर्षं हातमागावरून उठून हा माणूस माझ्यासमोर मुकाट्याने वरण-भात जेवला.

गडवी राखेने घासली, वास जात नाही. ती रुपरावला देऊन टाकली आणि अंगणात विटांची चूल मांडून दिली. तिकडून वारा आला की नाकाला पदर लावते, किळस काही कमी झालेली नाही. त्याला न्यायला येऊ नको. भरती झाली तरी पुढच्या पित्तराला त्याने गडवी भरून घेऊन यावं, एवढं तू त्याला लिही. मला तोंडाने सांगवत नाही.

तुझी बाई