महिना संपल्यावरची खिडकी

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून आजच.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीच्या. देवापुढे रोज दिवा लावावा असे लिहिणार होतो. पण ती मला विचारून थोडीच लावते.

२. जुना टाइपरायटर मुलीला. तो माझ्या टायपिंगच्या मास्तरांचा. गावच्या शाळेमागे एका खोलीत त्यांचा क्लास होता. तेलाचा आणि शाईच्या फितीचा तो वास अजून नाकात आहे. फी भरलेला महिना संपला तरी मी जात राहिलो. मास्तर दारात म्हणत, "महिना संपला बरं का," आणि बाजूला सरकत. पुढे मी ज्या ऑफिसात लागलो, तिथले टायपिस्ट मी त्यांच्याकडेच शिकायला धाडले. फी ऑफिसने भरली.

३. स्टुडिओवाले ओळखपत्राचे फोटो एका कागदावर मांडायला वापरतात, तो माझा प्रोग्राम मुलगी व मेहुणा यांना निम्मा-निम्मा. महिनाभराच्या फुकट ट्रायलची मुदत सरली की त्यात खिडकी उघडते, "महिना संपला बरं का." 'पुढे चला' दाबले की काम सुरू. हे बदलायचे नाही.

मेहुणा विचारतो, "भावोजी, दुकान काढलंय की धर्मशाळा?" बाबा रे, दुकानच. मुदत सरल्यावर प्रोग्रामला कुलूप दिसले की माणूस चोरीची प्रत शोधतो. आज फुकट हात बसलेला शिकाऊ उद्या स्वतःचा स्टुडिओ काढतो, तेव्हा त्याला दुसरे काही वापरवत नाही. मोठ्या स्टुडिओंना पक्के बिल लागते, ते विकत घेतात. आपली घरे त्यावरच चालली.

तुझ्या हट्टाने एकदा कुलूप घातले, नेमके शाळांचे फॉर्म भरायच्या दिवसांत. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या काकू आल्या. भांडल्या नाहीत. "पोरं बाकावर बसलीत," एवढेच म्हणाल्या. संध्याकाळी मी कुलूप काढले. तेव्हापासून तू आमच्याकडे चहा घेत नाहीस. माझ्या मनातला राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो इथेच संपला. चहाला येत जा.

४. मेहुण्याने पुन्हा कुलूप घातल्यास त्याचा हिस्सा मुलीचा.

माझाही महिना संपला असे वरून सांगणे आले तर तक्रार नाही. सांगणारा दारातून जरा बाजूला सरकला, तर बरेच.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४
सही

साक्षीदार :
१. शेजारचे दाताचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या काकू (सही). ज्याला लाभ होतो त्याला साक्षीदार करू नये, असे वकील म्हणाले. काकूंची प्रत अजून ट्रायलच आहे, हे मी वकिलांना सांगितले नाही.