नऊ नंबरची फ्लॉपी आणि अंगणातलं ऊन

वटार,
१४ नोव्हेंबर १९८८

चि. फर्डिनंड यास आलोशियसमामाचे अनेक आशीर्वाद.

प्रभूच्या दयेने आम्ही सगळे ठीक आहोत. फक्त तुझ्या मामीने माझ्याशी अबोला धरलाय, त्याचं कारण पुढे येईलच. ताईचा गुडघा कसा आहे?

आमच्या केळी सोसायटीने कॉम्प्युटर घेतला हे तुला ठाऊकच आहे (मी तीन पत्रांत कळवलंय). त्यात युनिक्स नावाचं काहीतरी भरावं लागतं आणि ते चौदा फ्लॉप्यांत येतं. कमिटी म्हणते, रविवारपर्यंत मशीन सुरू झालं तर आमच्या कार्मिनला ऑपरेटर म्हणून घेऊ, नाहीतर जुना टाइपरायटरच बरा. पोरीने वर्षभर बोरिवलीला जाऊन कोर्स केलाय, त्यामुळे माझ्या जिवाला घोर लागलाय.

झालं असं, पावसाळाभर फ्लॉप्या माझ्या ताब्यात होत्या (सेक्रेटरी मी, दुसरा कोण जपणार?). परवा ट्रंक उघडली तर बुरशीचा वास! खोक्यावर ओलीपासून जपा असं छापलेलं, म्हणून मी त्या अंगणात चटईवर, सुकेळ्यांच्या शेजारी वाळत घातल्या. दुपारी उलटल्यासुद्धा. तरी नववी एका केळ्याला चिकटलीच. ती सोडवताना तुझी मामी जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि त्यानंतर काहीच बोललेली नाही.

आठ फ्लॉप्या मशीनने मुकाट गिळल्या. नववी घातली की नुसतं खरखरतं, पडद्यावर रीड एरर येतं, आणि वर म्हणतं, नववी घाला. अरे बाबा, नववीच घातलीय! मी फुंकर मारली, सदऱ्याला पुसली, उलटी घालून पाहिली. शेवटी कमिटीला सांगितलं, कंपनीने मालच खराब पाठवला.

तुझा,
आलोशियसमामा

ता. क. तुझ्या हापिसात हेच युनिक्स आहे ना? नववीची नक्कल घेऊन शनिवारी ये. टाय बांधून ये, कारण मुंबईहून इंजिनिअर येतोय असं मी सांगून बसलोय. (तू आवक-जावक विभागात आहेस हे बोललो नाही.)

ता. क. २. पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. तेवढ्यात कार्मिनने नववीचं कव्हर कापलं, आतली चकती पाण्याने धुऊन सावलीत वाळवली, एका कोऱ्या फ्लॉपीच्या कव्हरात घातली, आणि मशीन सुरू! अध्यक्षांनी विचारलं, इंजिनिअर कधी आले? ती म्हणाली, "कोणी आलं नाही, काका. मीच केलं. आणि माल चांगला होता, पप्पांनी उन्हात घातला." माझी मान खाली गेली, पण खरं सांगतो, ऊरही भरून आला. तेव्हा तू नुसता जेवायला ये. नोकरी घेताना तिने एकच अट घातली, फ्लॉप्यांच्या कपाटाची किल्ली पप्पांना द्यायची नाही. ठराव एकमताने पास झाला. मीही हात वर केला.