तोफ आल्यापासून

प्रिय ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण वाचलंस तर तू पहिल्या गाडीने इथे येशील. तू सोपवलेला बास्केटबॉलचा संघ सध्या जिंकतो आहे, आणि मला ते कुणाला सांगावंसं वाटत नाही.

मागच्या महिन्यात मी एक नवी मुलगी घेतली. सगळ्या तिला तोफ म्हणतात. निम्मे गुण ती एकटी करते, पण कुणाचा नेम चुकला की सर्वांदेखत ओरडते, “डोळे घरी ठेवून आलीस का गं?” आपली कॅप्टन, ती नर्स, आधी हसून म्हणायची, “बाई, आम्ही चौघी बाकावर बसतो, तू एकटीच खेळ!” आता ती तेही म्हणत नाही.

काल शेवटच्या क्षणी बरोबरी होती. कॅप्टन चेंडू घेऊन बास्केटखाली अगदी मोकळी उभी होती. तरी तिने तो दोघींनी घेरलेल्या तोफेकडे फेकला. तोफेने बास्केट केली, आपण जिंकलो.

“तूच का नाही टाकलास?” मी कॅप्टनला विचारलं.

“चुकला असता तर ऐकून कोण घेणार, मॅडम? पुढच्या सामन्याला दुसरी कुणी बघा. माझी ड्युटी आहे.”

ड्युट्या बदलून खेळायला येणारी बाई ती! मी तिला थांबवलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली आहे.

सगळ्या गेल्यावर तोफ माझ्याजवळ आली. “मॅडम, जिंकूनही माझ्याशी कुणीच का बोललं नाही?”

उत्तर मला माहीत होतं. मी म्हटलं, “छान खेळलीस.”

तुझी,
धाकटी